डब्यावरचे वॅट आणि लेबलवरचे वॅट: घरी जोडायच्या कॉम्प्युटरसाठी पॉवर सप्लाय निवडताना

नव्याने कॉम्प्युटर जोडणाऱ्यांच्या याद्या बघायची मला सवय आहे. प्रोसेसरवर आठवडाभर खल झालेला असतो, ग्राफिक्स कार्डावर त्याहून जास्त, रॅमचा रंगसुद्धा ठरलेला असतो. आणि यादीच्या तळाशी एक ओळ: 'एसएमपीएस, ५०० वॅट, कुठलाही'. एसएमपीएस म्हणजेच पॉवर सप्लाय, आणि हा लेख त्या 'कुठलाही'बद्दल आहे.

माझ्या पहिल्या मशीनमध्ये असाच एक होता, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. मी रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल केली, विंडोज तीनदा नव्याने टाकलं, ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या. दोन महिन्यांनी एका मित्राने स्वतःच्या मशीनचा पॉवर सप्लाय काढून आणला, माझ्या मशीनला जोडला आणि त्रास तिथेच थांबला. कमी पडणारा पॉवर सप्लाय स्वतःचं नाव कधी सांगत नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी भागावर आळ येतो. त्यामुळे त्याची पारख घेतानाच करावी लागते.

तो नेमकं काय करतो

भिंतीतल्या प्लगमधून येते ती एसी वीज. कॉम्प्युटरच्या भागांना लागते डीसी, आणि तीही अगदी कमी व्होल्टची: १२, ५ आणि ३.३. हे रूपांतर पॉवर सप्लाय करतो. पूर्वी प्रोसेसर मुख्यतः ५ व्होल्टच्या ओळीवर चालायचा. २०००च्या आसपास, पेंटियम ४ च्या काळात, प्रोसेसरचा भार १२ व्होल्टवर गेला आणि तेव्हापासून मदरबोर्डला प्रोसेसरसाठी वेगळी १२ व्होल्टची वायर लागू लागली. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे वीज खाणारे दोन्ही मोठे गडी, १२ व्होल्टवरच जेवतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर एसएसडी, यूएसबी आणि बाकीची किरकोळ मंडळी उरली आहेत. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

१. आधी बेरीज करा

तुमच्या यादीतल्या प्रोसेसरचा जास्तीत जास्त वीजवापर शोधा. इथे एक खोच आहे. डब्यावर ठळक छापलेला ६५ वॅटचा आकडा बऱ्याचदा साध्या गतीचा असतो. कोअर आय५-१२४००एफचा मूळ आकडा ६५ वॅट आहे, पण पूर्ण गतीला इंटेल स्वतःच ११७ वॅट सांगते. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जीवर ६५ वॅट लिहिलेलं असतं आणि सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो. बेरजेत नेहमी मोठा आकडा धरा.

मग ग्राफिक्स कार्ड. आरएक्स ६६०० चे १३२ वॅट, आरटीएक्स ४०६० चे ११५, आरटीएक्स ३०६० चे १७०. हे कंपनीचे मूळ आकडे. कार्ड बनवणाऱ्याने गती वाढवून दिली असेल तर थोडे वर जातात.

मदरबोर्ड, रॅम, एक-दोन एसएसडी, पंखे, कीबोर्ड-माऊस यांचे मिळून ५० वॅट धरले तर सहसा पुरतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क लावणार असाल तर प्रत्येकीचे दहाएक वॅट वेगळे धरा.

आता एक खरी बेरीज. कोअर आय५-१२४००एफ आणि आरएक्स ६६००: ११७ अधिक १३२ अधिक ५०, म्हणजे साधारण ३०० वॅट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलं ५६००जीचं मशीन घेतलं तर ८८ अधिक ५०, म्हणजे १४० च्या आत.

यावर मोकळी जागा किती सोडायची? मी दीडपट धरतो. ३०० ची बेरीज असेल तर ४५० वॅटचा चांगला सप्लाय पुरतो, पुढे कार्ड बदलायचा विचार असेल तर ५५०. ग्राफिक्सशिवायच्या मशीनला ३०० वॅटचा चांगला सप्लायसुद्धा भरपूर आहे, पण त्या आकाराचे चांगले सप्लाय कमी मिळतात, म्हणून ४०० किंवा ४५० चा घेतला जातो. त्यात काही बिघडत नाही.

ही मोकळी जागा हौसेखातर नाही. ग्राफिक्स कार्ड एकसारखी वीज घेत नाही. काही मिलिसेकंदांपुरता त्याचा वापर सरासरीच्या कितीतरी वर उसळतो. अशा उसळीला सप्लाय घाबरला तर तो स्वतःला वाचवायला बंद होतो आणि तुम्हाला दिसतो काळा पडदा. २०२२ मध्ये आलेल्या, पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स ३.० मानकात या उसळ्यांसाठी स्पष्ट अटी घातल्या गेल्या: नव्या १६ पिनी कनेक्टरच्या सप्लायने क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे. कमी बजेटच्या कार्डांच्या उसळ्या मोठ्या कार्डांइतक्या भयंकर नसतात, तरी असतात.

उलट बाजूनेही चूक होते. 'पुढे लागेल' म्हणून ३०० वॅटच्या मशीनला ८५० चा सप्लाय घेणारे भेटतात. त्यांचं वीजबिल त्यामुळे वाढत नाही, कारण सप्लाय लागते तेवढीच वीज ओढतो. पण त्याच पैशात दर्जेदार ५५० वॅटचा आला असता, आणि हे मोठं धूड अगदी हलक्या भारावर कमी कार्यक्षमतेने चालत बसतं.

२. लेबल वाचा

सगळ्या लेखातली ही एकच पायरी लक्षात राहिली तरी मला चालेल.

प्रत्येक सप्लायच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. वरच्या ओळीत व्होल्टेज, खाली अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, शाळेतलंच गणित. त्यातला १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखालच्या अँपिअरला १२ ने गुणा.

समजा डब्यावर मोठ्या अक्षरात '५०० वॅट' आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टखाली २५ अँपिअर. गुणाकार ३०० वॅट. मग उरलेले २०० कुठे गेले? शेजारच्या रकान्यांत बघा: ५ व्होल्टला ३० अँपिअर, ३.३ व्होल्टला २८ अँपिअर. म्हणजे १५० आणि ९२ वॅट अशा ओळींवर ठेवलेत जिथे आजच्या मशीनला पन्नाससुद्धा लागत नाहीत. कागदावर बेरीज पाचशेच्या वरच जाते, खोटं कुणी बोललेलं नाही, आणि तरीही आपल्या ३०० वॅटच्या मशीनसाठी हा सप्लाय पहिल्या दिवसापासून काठावर आहे.

आता दुसरा घ्या. डब्यावर ४५० वॅट, १२ व्होल्टखाली ३६ अँपिअर. गुणाकार ४३२. डब्यावरच्या आकड्याने लहान असलेला हा सप्लाय कामाला पहिल्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठा आहे.

माझा नियम साधा आहे: १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या नव्वद टक्क्यांच्या पुढे असले तर रचना आधुनिक आहे असं समजायचं. ते साठ-सत्तर टक्क्यांवर असले तर आतली मांडणी वीस वर्षांपूर्वीची आहे, बाहेरचा पंखा कितीही रंगीबेरंगी चमको.

लेबलवर आणखी दोन-तीन सापळे असतात. १२ व्होल्टचे रकाने दोन असतील, १२व्ही१ आणि १२व्ही२ असे, तर त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करू नका. खाली दोघांची मिळून कमाल दिलेली असते, ती धरा. 'पीक' किंवा 'मॅक्स' शब्दाशेजारचा आकडा क्षणभराचा असतो, तो सोडून द्या. आणि लेबलवर १२ व्होल्टचा आकडाच नसेल, किंवा तक्ताच नसेल, तर तो सप्लाय परत डब्यात ठेवा.

३. ८० प्लस: काय सांगतं, काय सांगत नाही

८० प्लस ही २००४ मध्ये सुरू झालेली कार्यक्षमतेची खूण. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के खरोखर कॉम्प्युटरला पोहोचते, एवढंच ती मोजते. तिच्या ब्रॉंझ, गोल्ड अशा पायऱ्या असतात. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्रॉंझसाठी २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के कार्यक्षमता लागते; गोल्डसाठी ८७, ९०, ८७. बाकीची वीज उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर जाते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. '५०० वॅटचा ब्रॉंझ म्हणजे प्रत्यक्षात ४२५ च मिळणार' असं पुष्कळ लोक ठामपणे सांगतात. चूक. लेबलवरचे वॅट कॉम्प्युटरला मिळणारे असतात. कार्यक्षमतेमुळे फरक पडतो तो भिंतीकडून किती घ्यावे लागतात त्यात.

ब्रॉंझऐवजी गोल्ड घेऊन वीज किती वाचते? मशीन रोज चार तास २०० वॅट घेतंय असं धरा. ८५ टक्क्यांना भिंतीतून २३५ वॅट जातील, ९० टक्क्यांना २२२. तेरा वॅटांचा फरक, वर्षाला साधारण १९ युनिट. तुमच्याकडच्या दराने गुणून बघा आणि मगच ठरवा. कमी बजेटमध्ये केवळ विजेसाठी गोल्ड घ्यावा असं मला वाटत नाही. गोल्ड गाठायचं तर आतली रचना सुधारावी लागते, त्यामुळे असे सप्लाय बहुधा एकंदरीतच बरे असतात, हा त्याचा खरा फायदा.

ही खूण काय सांगत नाही ते जास्त महत्त्वाचं. व्होल्टेज किती स्थिर आहे, शॉर्ट झाल्यावर सप्लाय वेळेत बंद होतो का, कपॅसिटर (आतले वीज साठवणारे छोटे भाग) किती वर्षं टिकतील, यातलं काहीही त्यात येत नाही. चाचणीही २३ अंश सेल्सिअसच्या आसपास होते; कॅबिनेटच्या आत गेम चालू असताना एवढा गारवा कुठला! शिवाय नुसतं '८० प्लस'सारखं दिसणारं चित्र छापलेले डबेही असतात. ८० प्लसच्या संकेतस्थळावर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, तिथे तुमच्या मॉडेलचा नेमका क्रमांक शोधा. सायबेनेटिक्स नावाची दुसरी संस्था कार्यक्षमतेबरोबर आवाजही मोजते. तिचे अहवाल नवख्यालाही समजतील इतके सविस्तर असतात.

४. ब्रँड नको, मालिका बघा

'कुठल्या कंपनीचा घेऊ?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला नीट उत्तर नाही. डब्यावर नाव असतं एकाचं, आतली वस्तू बनवलेली असते दुसऱ्याच कारखान्याने. सीडब्ल्यूटी, एफएसपी, ग्रेट वॉल, एचईसी ही अशी बनवणाऱ्यांची नावं. एकाच ब्रँडची एक मालिका उत्तम असते आणि तिच्या खालची स्वस्त मालिका सुमार. एकाच मालिकेतला ४५० आणि ६५० चा सप्लायही वेगवेगळ्या हातून आलेला असू शकतो. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन परीक्षण शोधा, आणि परीक्षणही असं की ज्यात सप्लाय उघडून, भार टाकून मोजलाय. डबा उघडून वायरी दाखवणाऱ्या व्हिडिओतून काही कळत नाही.

परीक्षणात काय बघायचं? एक, व्होल्टेजची स्थिरता: मानकात पाच टक्के वर-खाली चालतं, म्हणजे १२ व्होल्टसाठी ११.४ ते १२.६. चांगले सप्लाय एक-दोन टक्क्यांतच राहतात. दोन, रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली थरथर. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट ही मर्यादा. ही थरथर जास्त असली की मदरबोर्डवरचे कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. तीन, संरक्षणं: जादा व्होल्टेज, कमी व्होल्टेज, जादा भार, शॉर्ट सर्किट आणि जादा तापमान. तापमानाचं संरक्षण स्वस्तात बऱ्याचदा वगळलेलं असतं. पंखा अडकला की ते नसल्याची किंमत कळते.

परीक्षण सापडलंच नाही तर वॉरंटी बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आत निदान १०५ अंश तापमान झेलणारे कपॅसिटर घातले असावेत, असा अंदाज करायला हरकत नाही. वजनावरूनही थोडं कळतं. हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा वाटणारा सप्लाय आतूनही बऱ्यापैकी रिकामाच असतो.

५. कनेक्टर मोजा

मदरबोर्डचा २४ पिनी सगळ्यांना असतो. प्रोसेसरचा ४ अधिक ४ पिनी हवा; नुसता ४ पिनी असेल तर सप्लाय जुन्या वळणाचा आहे असं समजा. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनीतून आणखी ७५, ८ पिनीतून १५०. आपल्या बजेटमधल्या बहुतेक कार्डांना एक ८ पिनी पुरतो. सप्लायवर ६ अधिक २ पिनी एक तरी हवाच, दोन असले तर उत्तम. प्रोसेसरचा ८ पिनी आणि कार्डाचा ८ पिनी दिसायला भावंडं, पण आतली मांडणी उलटी. बळजबरीने घुसवू नका. वायरीवर 'सीपीयू' (प्रोसेसरची) किंवा 'पीसीआय-ई' (कार्डाची) छापलेलं असतं ते वाचा.

कनेक्टर कमी पडला तर साटामधून, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या वायरीतून, ८ पिनी काढणारी जोडवायर मिळते. ती घेऊ नका. साटा कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यावर १५० वॅटची अपेक्षा ठेवली की प्लॅस्टिक वितळतं. ज्या सप्लायला पुरेसे कनेक्टरच दिलेले नाहीत, त्याच्या बनवणाऱ्याने त्याची ताकद ओळखूनच ते दिले नसणार.

आकाराचा प्रश्न सहसा येत नाही. साधा एटीएक्स १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि बहुधा १४० लांब असतो. छोटं कॅबिनेट असेल तर त्याहून लहान आकाराचा, एसएफएक्स, लागतो का ते कॅबिनेटच्या माहितीपत्रकात बघा.

६. मॉड्युलर, आणि एक कडक सूचना

वायरी सुट्या करता येणारा मॉड्युलर सप्लाय मांडणीला सोयीचा असतो, बाकी त्याने काही सुधारत नाही. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर ते आतल्या दर्जावर घाला.

पण मॉड्युलर घेतलात तर त्याच्याच वायरी वापरा. मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडच्या टोकाला मात्र कुठलंही मानक नाही. दुसऱ्या कंपनीची वायर अगदी घट्ट बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट पाठवते. क्षणात हार्ड डिस्क जाते, तिच्यातल्या फोटोंसकट. जुना सप्लाय काढून नवा बसवताना 'वायरी तशाच राहू दे' हा मोह आवरा.

७. वापरलेला घ्यावा का

प्रोसेसर वापरलेला घ्या, रॅम घ्या, कॅबिनेट तर अवश्य घ्या. सप्लाय शक्यतो नवा. त्याचे कपॅसिटर वर्षागणिक झिजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चांगल्या मालिकेचा, दोन-तीन वर्षांचा आणि वॉरंटी शिल्लक असलेला मिळाला तर विचार करा. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून पंखा फिरवून दाखवणारा विक्रेता फक्त पंखा फिरतो एवढंच सिद्ध करतो.

आणि दुरुस्तीसाठी स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर साडेतीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात.

८. बसवताना आणि बसवल्यावर

स्वस्त किंवा जुन्या सप्लायच्या पाठीमागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका असतो. तुमच्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा असेल आणि खटका ११५ वर असेल, तर पहिल्या स्विचलाच धडाम होतं. बहुतेक नव्या सप्लायना हा खटका नसतो, ते १०० ते २४० व्होल्ट स्वतःच सांभाळून घेतात. खटका नसलेला घ्या, एक काळजी कमी.

कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि खाली मोकळी जागा असेल तर पंखा खाली तोंड करून बसवा. कॅबिनेट गालिच्यावर राहणार असेल तर वर तोंड केलेलं बरं, नाहीतर पंखा गालिचाच चोखत बसेल. प्लगला अर्थिंग आहे याची खात्री करून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या तर दोष बहुतेक वेळा सप्लायचा नसून नसलेल्या अर्थिंगचा असतो.

यूपीएस लावणार असाल तर एक बघा. वीज गेल्यावर सप्लाय स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरेल अशी अपेक्षा असते आणि साधा यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो. स्वस्त सप्लाय या शर्यतीत हरतात आणि यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. लोक मग यूपीएसची बॅटरी बदलतात.

सगळं जोडून झालं की पहिल्याच आठवड्यात, वस्तू परत करायची मुदत असेपर्यंत, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींवर एकाच वेळी तासभर पूर्ण भार टाका. शेजारी बसा. पंख्याच्या मागून येणारी हवा कोमट असणं ठीक, जळका वास ठीक नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) दिसणारे व्होल्ट ढोबळ असतात, त्यावर भांडू नका. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या, मोठ्या) कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर, किंवा वायरी सगळ्या काळ्या असतील तर त्याच जागच्या पिनांवर, म्हणजे १२ व्होल्टच्या कडेच्या पिनेवर आणि तिच्या शेजारच्या मधल्या पिनेवर, भार चालू असताना मोजा. ११.४ च्या खाली काटा गेला तर पावती काढा आणि सप्लाय बदलून आणा.